घरच्या आवाजाची रेघ

हेमांगी वानखडेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर एक आलेख लावलेला होता. दर जूनमध्ये ती त्याला उजवीकडून वीतभर कागद जोडायची. एकोणीस वर्षांत तो कोपऱ्यात वळून दाराच्या चौकटीपर्यंत पोचला होता.

आलेख समजायला सोपा होता. विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी एकच चाचणी घ्यायची. तोच उतारा, तेच चाळीस प्रश्न, तोच ध्वनिमुद्रित संवाद. चाचणी बदलली की तुलना संपली, म्हणून हेमांगीने एकोणीस वर्षांत तिच्यातला स्वल्पविरामही हलवला नव्हता. संवादातली बाई आजही कागदी नकाशा उलगडून स्टेशनचा रस्ता विचारायची आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कागदी नकाशा कधी पाहिलेला नसायचा.

पहिली आठ वर्षं रेघ जमिनीलगत सरपटत होती. तीन वर्षं जर्मन शिकलेली मुलं व्याकरणाचे तक्ते घडाघडा म्हणत, पण समोरचं माणूस बोलू लागलं की त्यांचे चेहरे कोरे होत. मग कानात भाषांतर करणारी यंत्रं स्वस्त झाली, शिकायची गरजच उरली नाही, आणि रेघ आणखी खाली बसली. विभाग बंद करायची भाषा सुरू झाली. त्याच वर्षी टिकली आली.

तिचं खरं नाव लांबलचक होतं. मुलांनी ते पहिल्याच आठवड्यात टाकून दिलं. कानामागे चिकटवायची, हरभऱ्याच्या डाळीएवढी गोल पट्टी, म्हणून टिकली. तिच्यातलं औषध त्वचेतून थेंबाथेंबाने रक्तात उतरायचं. तान्ह्या मुलाचा मेंदू कुठल्याही भाषेचे ध्वनी मऊ मेणासारखे उमटवून घेतो. पुढे काही रेणू त्या पेशींभोवती जाळं विणतात आणि मेण घट्ट होतं. हे चांगलंच असतं, नाहीतर रोज नवं शिकताना कालचं पुसलं जाईल. टिकलीतलं औषध ते जाळं सहा आठवडे सैल करायचं. त्या सहा आठवड्यांत रोज काही तास ती भाषा बोलणाऱ्या माणसासमोर बसायचं. माणूस हवा, नुसतं ध्वनिमुद्रण चालत नसे. तान्हं मूल रेडिओकडून बोलायला शिकत नाही. त्याला उत्तर देणारं कोणीतरी लागतं, आणि टिकली लावलेला मेंदू याबाबतीत तान्हाच असे.

सहा आठवड्यांनी मुलं जर्मनमध्ये भांडू लागली. आलेखाची रेघ भिंत चढून छताकडे निघाली. हेमांगीला स्टूल घ्यावं लागलं.

त्याच कागदावर खाली एक दुसरी, तुटक रेघ होती. तिच्याकडे कोणी बघत नसे. सुरुवातीपासून प्रत्येक मुलाकडून हेमांगी घरच्या माणसाचा एका मिनिटाचा आवाज मागवून घ्यायची. ओरडतानाचा, हाक मारतानाचा, कसाही. मग बोटांत दोन धातूच्या कड्या घालून मुलाला तो ऐकवायचा. लहानपणीचा आवाज कानावर पडला की क्षणार्धात त्वचेला अतिसूक्ष्म घाम सुटतो, तिच्यातून वीज थोडी जास्त वाहते, आणि पडद्यावर टेकाड उमटतं. या परीक्षेत कोणाला खोटं बोलता येत नाही. मूळ हेतू साधा होता: परकी भाषा किती खोल गेली हे मोजायचं, तर घरची किती खोल आहे हे आधी माहीत हवं. हेमांगीने अशी चार हजार घरं ऐकली होती. दूध उतू गेल्यावर ओरडणाऱ्या आया, आधी खाकरणारे बाप, एक आजोबा जे मिनिटभर नुसतेच हसत होते.

टिकली आल्यापासून ही तुटक रेघ उतरत होती.

जुलैच्या एका दुपारी प्रणोती शिरसाट कड्या काढून उठली आणि दारात थबकली. ती बार्शीची. परिचारिकेचं शिक्षण संपवून जर्मनीला निघालेली, टिकली उतरवून तीन महिने झालेली. तिची आई कडक भाकऱ्या करून विकायची. तिच्या मिनिटात तव्याचा आवाज होता आणि त्यावरून आईचा चढता सूर: "प्रणे, भाकरी करपली, ध्यान कुठाय तुजं?"

"मॅडम, एक विचारू का? अभ्यासातलं नाही."

"विचार की."

"मी मागच्या आठवड्यात घरी जाऊन आले. आईनं मागून हाक मारली. मी वळले, पण अशी, जशी तुम्ही हाक मारली असती तर वळले असते. राग नका मानू हां."

"नाही मानत."

"कळतं सगळं. शब्द न् शब्द. पण आत काही होत नाही. आधी ती नुसती 'प्रणे' म्हणाली तरी हातातलं टाकून पळायचे मी. आता वाटतं, कुणीतरी बाई ओरडायलीय." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "आणि परवा, टिकलीच्या वेळी माझ्यासमोर बसायच्या त्या उटे मॅडम जर्मनमध्ये ओरडल्या, तर माझे डोळेच भरून आले! त्यांना वाटलं, जास्तच बोलल्या. मला चॉकलेट दिलं."

"आईला सांगितलंस?"

"येडी का काय मी? म्हणेल, तिकडं जायच्या आधीच मडमीण झाली." प्रणोतीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मॅडम, माझ्यातच काही कमी आहे का?"

"नाही," हेमांगी म्हणाली. फार चटकन म्हणाली, हे तिचं तिलाच जाणवलं. ज्याचा पुरावा हाताशी नाही असं वाक्य ती सहसा बोलत नसे.

प्रणोती गेल्यावर हेमांगीने तिची नोंद वहीत उतरवली. हाच प्रश्न तिला नऊ वर्षांपूर्वी पडला होता, आणि तिने त्याचं उत्तर न मोजताच मान्य करून टाकलं होतं. अंजनगावला आई गेली तेव्हा भाऊ, विनायकदादा, सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हेमे, तुह्या डोयात टिपूस नाही वं?" खरंच नव्हता. आईच्या शेवटच्या आजारात फोनवरचा तिचा आवाज हेमांगीला फक्त माहितीसारखा ऐकू येत होता. तिने मनाशी ठरवून टाकलं, आपण दगड आहोत. दगड असण्याचे फायदेही होते. काम चांगलं होत होतं. लग्नाचा विषय आपोआप मागे पडला. वडिलांना दर रविवारी फोन व्हायचा, "जेवले का, गोळ्या घेतल्या का", आणि चाळीस सेकंदांत संपायचा.

पण टिकलीची पहिली स्वयंसेवक तीच होती, आई जाण्याच्या आदल्याच वर्षी. मुलांना लावण्याआधी आपण लावून बघावी, एवढा साधा विचार. पूर्वी कधीच कानावर न पडलेली भाषा हवी, म्हणून तिने फिनिश निवडली. सहा आठवडे आयनो नावाची पाहुणी प्राध्यापिका रोज तिच्यासमोर बसून बोलायची, मग ती हेलसिंकीला परत गेली. तेव्हापासून अख्ख्या शहरात हेमांगीशी फिनिश बोलणारं कोणी नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर ती फिनलंडच्या रेडिओवर समुद्रावरच्या हवामानाचं वाचन लावायची. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, दूरच्या दीपगृहांची नावं. तिच्या हातावर काटा उभा राहायचा. का, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राचे संचालक डॉ. इनामदार यांच्याकडे गेली आणि तुटक रेघ त्यांच्या टेबलावर पसरली.

"टिकलीच्या संमतिपत्रात हे लिहायला हवं, सर."

इनामदारांनी चष्मा कपाळावर सरकवून रेघ शेवटपर्यंत पाहिली. ते घाई करणारे गृहस्थ नव्हते. "तुलना कोणाशी केलीत?"

"टिकली न लावलेल्या मुलांशी."

"आणि कोण मुलं टिकली लावत नाहीत, वानखडे मॅडम? ज्यांना घर सोडवत नाही ती. त्यांची टेकाडं उंच असणारच. बरं, ते सोडा. विशीतल्या पोराला आईच्या ओरडण्याचं काही वाटत नाही, याला टिकली कशाला हवी? माझे दोन्ही चिरंजीव टिकलीशिवायच बहिरे आहेत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हीच अडचण होती.

"तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण उद्या मला कोणी विचारलं तर काय दाखवू? एक तरी माणूस आणा. टिकलीच्या आधी मोजलेला, वाढीचं वय उलटून गेल्यावर टिकली लावलेला, आणि नंतर त्याच आवाजावर पुन्हा मोजलेला. मग आपण त्या एका माणसापासून सुरुवात करू."

असा माणूस तिला माहीत होता. तिने कागद गुंडाळला.

प्रयोगशाळेत येऊन तिने दार लावलं, कड्या बोटांत घातल्या आणि पहिलीच नोंद काढली. क्रमांक एक. एकोणीस वर्षांपूर्वी यंत्र नवीन आलं तेव्हा चाचणीसाठी कोणीच मिळालं नव्हतं, म्हणून तिने स्वतःलाच बसवलं होतं. आवाज तिच्या वडिलांचा, श्रीराम वानखडेंचा. ते अंजनगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. पस्तीस वर्षं ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायचे. अख्खं गाव त्या आवाजावर घड्याळ लावायचं, पण घरी आल्यावर ते जेवायला वाढा म्हणण्यापुरतंच बोलायचे. तिने "काहीही बोला" असं सांगितल्यावर फोनवर आधी बराच वेळ शांतता होती, मग: "हेमे, ऊठ वं. उजाडलं. पानी तापलं हाये." त्या वेळची रेघ अजून जपून ठेवलेली होती. "हेमे" या शब्दावर टेकाड नव्हे, चांगला डोंगर होता.

तिने आवाज सुरू केला.

रेघ सरळ गेली. पूर्ण मिनिटभर, पाटीवर पट्टीने आखल्यासारखी.

खात्रीसाठी तिने रेडिओवरचं हवामान लावलं. पहिल्याच दीपगृहाच्या नावाला रेघ उसळली. म्हणजे यंत्र ठीक होतं, त्वचाही ठीक होती.

हेमांगीने कड्या काढल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला हलकं वाटत होतं. आपण दगड नव्हतो. आईच्या वेळीही नव्हतो. डाळीएवढ्या पट्टीने ते केलं होतं, आणि पट्टीला दोष देता येतो. विनायकदादाला फोन करावा असंही तिच्या मनात आलं.

हे जेमतेम दहा मिनिटं टिकलं. मग प्रबंधात चूक दिसावी तशी तिला ती दिसली.

रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की आधी ध्वनिवर्धकाची पातळी तपासायची. त्यासाठी एक ठरलेला आवाज लागतो. पहिल्या दिवशी नोंद एकच होती, म्हणून तीच वापरली, आणि चाचणीप्रमाणे तीही नंतर बदलता आली नाही. "हेमे, ऊठ वं. उजाडलं." रोज सकाळी, सुट्ट्या वगळून, एकोणीस वर्षं. तिने कागदावर गुणाकार केला. साडेचार हजार वेळा. त्यातला बहुतेक वेळ तिचं लक्ष पातळीच्या आकड्यावर असायचं. एवढ्या वेळा ऐकल्यावर कोणाच्याही त्वचेने त्या आवाजाची दखल घेणं सोडलं असतं. त्याला टिकली लागत नाही.

म्हणजे जिच्यावरून निकाल लागला असता ती एकुलती एक नोंद तिने स्वतःच, काटेकोरपणाच्या नादात, झिजवून टाकली होती. टिकली, सवय, की मुळातलाच दगड: तिन्हींची रेघ एकसारखीच दिसते. आता हे कधीच कळणार नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजून करून बघता येत होती. जाळं पुन्हा सैल करायचं आणि या वेळी समोर घरचं माणूस बसवायचं. जे गेलं ते कशाने गेलं हे नाही कळलं, तरी ते परत येतं का, एवढं कळेल.

तिने प्रणोतीला बोलावून हे सांगितलं. प्रणोती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती.

"सहा आठवडे आईशी नुसतं बोलायचं? ते जमेल. पण मग माझं जर्मन?"

"जाईल की राहील, माहीत नाही."

"मॅडम, पुढच्या महिन्यात व्हिसाची मुलाखत आहे माझी."

"म्हणून तू नको. मी आधी लावून बघते."

"तुमच्याकडं कोण आहे बोलायला?"

"बाबा आहेत."

"खूप बोलतात का?"

"एसटी स्टँडवर बोलायचे," हेमांगी म्हणाली. प्रणोतीला हसावं की नाही कळेना.

अंजनगावच्या घरात ती एवढे दिवस कधी राहिली नव्हती. श्रीरामजी एकोणऐंशी वर्षांचे होते आणि आपलं आपण करून खात होते. सहा आठवड्यांची बॅग बघून त्यांनी फक्त विचारलं, "नोकरी हाये ना?" ती आहे म्हणाली. त्यांनी तिच्यासाठी माडीवरची खाट खाली आणली, म्हणजे शेजारच्या पोरांना हाका मारून आणवली, आणि त्या वेळी तो जुना फलाटावरचा आवाज गल्लीभर घुमला. हेमांगी सोबत आणलेलं यंत्र मांडून बघत होती, बोटांत कड्या होत्या. रेघ हलली नाही.

टिकली कानामागे लावून ती रोज त्यांच्यासमोर बसायची. ठरवून बोलणं दोघांनाही येत नव्हतं.

"चाय घेतं का वं?"

"घेते."

"आज ऊन लय हाये."

"हो ना."

मग भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. तिने प्रश्नांची यादीच करून ठेवली. स्टँडवर सगळ्यात जास्त गर्दी कधी व्हायची? चुकून भलतीच गाडी पुकारली असं कधी झालं का? ते उत्तरं द्यायचे, छोटी, मुद्देसूद. एकदा परतवाड्याची गाडी अकोटची म्हणून पुकारली तर एक वरात भलत्याच गावी गेली आणि रीतसर जेवून परत आली, हे सांगताना त्यांना हसू आवरेना. तीही हसली. रेघ सरळच राहिली. रोज सकाळी सातला मोजणी, वहीत नोंद. पहिला आठवडा, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. फिनिश मात्र जाऊ लागली होती. एका संध्याकाळी तिला आढळलं की लाटेसाठीचा शब्द आठवत नाही. जुनं पुसलं जात होतं आणि त्या जागी काही येत नव्हतं. मेण मऊ होऊन तसंच पडून राहिलं होतं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ती कड्या घालत असताना श्रीरामजी खुर्ची ओढून जवळ बसले.

"हे काय लावतं वं रोज बोटाले? शुगर पायतं का?"

"नाही बाबा. तुमचा आवाज ऐकून माझ्या अंगात काय होतं, ते यात दिसतं."

"मंग? काय होते?"

मोजणीबद्दल खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "काही होत नाही, बाबा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिला वाटलं ते आता उठून जातील.

"पस्तीस वर्सं ओरडलो स्टँडवर," ते म्हणाले. "कोन्या पाशिंजराले काय झालं असंन? गाडी भेटली म्हंजे झालं." थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. "माह्या बोटाले लाव बरं."

हेमांगी कड्या हातात धरून थांबली. चार हजार मुलांच्या बोटांत तिने त्या घातल्या होत्या. ज्यांचे आवाज असायचे, त्यांच्यातल्या कोणाच्याही बोटांत कधी नाही. तसा प्रश्नच अभ्यासात नव्हता. तिने त्यांची बोटं पुसून घेतली. कातडी कोरडी, सुरकुतलेली. या वयात त्वचा सहसा फारशी दाद देत नाही. बाहेर गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली. रेघ संथ राहिली. ती मनात म्हणाली, बरं झालं, तुलनेला एक नोंद मिळाली.

"मंग बोल."

"काय बोलू?"

"काई बी. फोनवर बोलतं तसंच."

हेमांगीने पडद्यावर नजर ठेवली आणि रविवारच्या, तिच्या स्वतःच्या कानाला लाकडी वाटणाऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, जेवले का? गोळ्या घेतल्या का?"

रेघ उठली. उठत उठत पडद्याच्या वरच्या कडेला लागली आणि तिथे दिसेनाशी झाली.

"बिघडलं काय वं हे?"

"नाही." तिने माप दुपटीने वाढवलं. रेघ खाली यायला तीस सेकंद थांबायचं असतं, ती थांबली. मग नुसतं म्हणाली, "बाबा."

या वेळीही पडदा पुरला नाही.

हेमांगीने वही उघडली, तारीख लिहिली, आणि पुढे कुठल्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. असा रकाना तिने कधी आखलाच नव्हता. दर रविवारचे चाळीस सेकंद, वर्षानुवर्षं, आणि दुसऱ्या टोकाला हे होत होतं. ती स्वतः आत चाचपून बघत होती, तिथे नेहमीसारखीच शांतता होती. अजून सतरा दिवस होते. सतरा दिवसांत काही होईल की नाही, हे सांगण्याइतका पुरावा तिच्याकडे नव्हता.

यंत्र बंद करावं म्हणून ती कड्या काढायला वाकली. श्रीरामजींनी मूठ मिटून घेतली.

"राहू दे," पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले. "बोल."

हेमांगीने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि बोलायला सुरुवात केली.